दावणीवरचा वारसा : दुर्मिळ पशुवंश, त्यांची जनुके आणि घरातील ज्येष्ठ

आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात गाई-म्हशींच्या वंशावळीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, 'देशी गायीचे दूध घ्यावे का?' हा प्रश्न आता वृद्ध रुग्णांकडून आणि त्यांच्या मुला-सुनांकडून दवाखान्यात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देताना पशुवंशाच्या जपणुकीचा मुद्दा आणि दुधाच्या औषधी गुणांचे दावे यांची सरमिसळ झालेली दिसते. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या राज्यातील अनेक स्थानिक जातींची जनावरे आज ज्यांच्या दावणीला उभी आहेत, ती माणसे बहुतांशी साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. अशा माणसाचा गुडघा निकामी झाला, त्याला पक्षाघाताचा झटका आला किंवा तो शहरात मुलाकडे राहायला गेला, की महिन्याभरात दावण रिकामी होते. घरातील माणसाचे आजारपण आणि एखाद्या पशुवंशाचे भवितव्य यांची गाठ अशी एकाच खुंट्याला पडलेली असते.

जात म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्राच्या नकाशावर बोट फिरवले, तर प्रत्येक प्रदेशाची स्वतःची जनावरे सापडतात. इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात, चिखलात भातखाचरे नांगरणारी डांगी; माणदेश-सोलापूरच्या कोरड्या माळावरची काटक खिल्लार; लातूरकडची देवणी; नांदेडची लाल कंधारी; वर्धा-नागपूरकडची गवळाऊ; कोकणातील लहान चणीची कोकण कपिला. म्हशींमध्ये तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी, विदर्भातील नागपुरी, तसेच मराठवाडी. शेळ्यांमध्ये जुळ्या करडांसाठी नावाजलेली उस्मानाबादी, शिवाय संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. मेंढ्यांमध्ये धनगर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली दख्खनी.

ही केवळ रूपा-रंगाची विविधता नव्हे. डांगी जनावराच्या त्वचेतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे अंगावरून पावसाचे पाणी ओघळून जाते. त्याचे काळे, टणक खूर दगड-चिखलात लवकर झिजत नाहीत. हे गुण कोणी प्रयोगशाळेत घडवले नाहीत. घाटमाथ्यावरच्या पावसात जी जनावरे टिकली, त्यांच्यातूनच माणसांनी पुढच्या पिढीसाठी वळू निवडले आणि शेकडो वर्षांत विशिष्ट जनुकांचा एक संच एकत्र येऊन स्थिरावला. त्या संचालाच आपण 'जात' म्हणतो. त्यातील एखादे जनुक दुसऱ्या जातीतही आढळेल. परंतु संपूर्ण संच एकदा विस्कटला, तर तो पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते.

जाती दुर्मिळ का होतात?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००७ साली जगातील पशुधनाच्या आनुवंशिक संपत्तीचा पहिला मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधीच्या अवघ्या सहा वर्षांत ६२ जाती नामशेष झाल्याची, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक जात गेल्याची नोंद त्यात आहे. आपल्या देशात २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत संकरित व विदेशी गोधन आधीच्या गणनेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्याचे, तर देशी गोधन ६ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. संकरित गाय अधिक दूध देते, त्यावर घर चालते, मुलांची शिक्षणे होतात. ट्रॅक्टर आला आणि बैलाचे काम संपले. गायराने आक्रसली. सांभाळणारे हात म्हातारे झाले आणि तरुण हात शहरात गेले. ज्या जनावराला काम उरत नाही, त्याला दावणीवर जागाही उरत नाही. प्रश्न एवढाच आहे की, आज बिनकामाचा वाटणारा जनुकसंच उद्या लागणारच नाही, अशी खात्री कोण देणार? वाढते ऊन, नवे रोग, चाऱ्याची टंचाई या उद्याच्या अडचणींची उत्तरे कदाचित याच काटक जनावरांच्या रक्तात असतील. विमा उतरवताना आपण आजारी पडणारच असे गृहीत धरत नाही. तरीही हप्ता भरतो. वंशजतनाचा खर्च हा त्याच जातीचा हप्ता आहे.

संख्या पुष्कळ, तरीही वंश धोक्यात

येथे वैद्यकातील एक परिचित उदाहरण उपयोगी पडेल. थॅलेसेमियाचा वाहक असलेला माणूस बहुधा धडधाकट असतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोष लपलेला राहतो आणि दोन्ही बाजूंनी एकत्र आला की प्रकट होतो. जवळच्या नात्यातील विवाहात असे दोष जुळण्याचा संभव वाढतो, हे आपण जाणतो. जनावरांतही नियम तोच आहे. कळपात एकच वळू वर्षानुवर्षे राहिला आणि त्याच्याच मुली, नाती त्याच्याकडून गाभण राहू लागल्या, की दडलेले दोष वर येतात. गर्भधारणा लांबते, गर्भ पडतात, वासरे अशक्त निपजतात, रोगप्रतिकारशक्ती मंदावते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दुर्मिळ जातीतले नाही. जगातील सर्वाधिक दूध देणाऱ्या होल्स्टिन जातीतले आहे. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेल्या 'पॉनी फार्म आर्लिंडा चीफ' या वळूच्या मुली दुधाला इतक्या सरस निघाल्या की त्याला कृत्रिम रेतनातून सुमारे १६,००० मुली झाल्या. अमेरिकेतील आजच्या होल्स्टिन गाईंच्या जनुकांपैकी सुमारे १४ टक्के वाटा या एका वळूकडून आलेला आहे. मात्र त्याच्या एका गुणसूत्रावर एक घातक दोष लपलेला होता. तो दोन्ही बाजूंनी आलेला गर्भ जगत नाही. हा दोष नेमका कोणत्या जनुकात आहे, ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. तोवर त्यामुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भपात झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याच्या वंशातून झालेला दुधाचा लाभ या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठा होता, हेही त्याच संशोधकांनी नमूद केले आहे. तरीही बोध स्पष्ट आहे. जनावरे लाखांनी असली तरी त्यांचे पूर्वज मोजकेच असतील, तर वंश आतून अरुंद झालेला असतो.

हा अरुंदपणा मोजण्याचे साधे गणित आहे. पैदाशीतील नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करावा, त्याला चारने गुणावे आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागावे. जे उत्तर येते ती त्या कळपाची 'प्रभावी संख्या'. समजा, एका जातीच्या ५०० गाई आणि अवघे ५ वळू आहेत. जनावरे ५०५, परंतु प्रभावी संख्या येते जेमतेम २०. याउलट १०० गाई आणि २५ वळू असतील, तर जनावरे केवळ १२५ असूनही प्रभावी संख्या ८० येते. ही संख्या निदान ५० च्या वर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. अन्न व कृषी संघटना एखादी जात 'अतिसंकटग्रस्त' ठरवते, तेव्हा १०० किंवा त्याहून कमी माद्या हा एक निकष असतो आणि ५ किंवा त्याहून कमी नर हा दुसरा. म्हणजे गोठ्यात गाई कितीही असोत, नात्याबाहेरचे वळू किती शिल्लक आहेत, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमका हाच नर आपण सर्वांत आधी विकतो किंवा त्याचे खच्चीकरण करतो.

उणे १९६ अंशांवरची ठेव

१९४९ साली इंग्लंडमधील संशोधकांच्या लक्षात आले की, ग्लिसरीन मिसळले तर शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात. भेगाळलेल्या टाचांना लावायला औषधांच्या दुकानातून आपण आणतो, तेच हे ग्लिसरीन. त्या शोधातून आजचे कृत्रिम रेतन उभे राहिले. बारीक नळीत भरलेली, पाव मिलिलिटरची रेतमात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवली जाते. या थंडीत पेशीतील सर्व घडामोडी थांबतात. नायट्रोजनची भर नियमित पडत राहिली, तर ही ठेव दशकानुदशके टिकते.

भारतात ही जबाबदारी करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातील जातींची शास्त्रीय नोंदणी करते आणि त्यांची जनुकपेढीही सांभाळते. आजवर दोनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. आपल्याकडील पूर्व विदर्भातील कठाणी गाय आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हैस यांना अलीकडेच हा मान मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या जी 'गावठी' म्हणून हिणवली गेली, तिला स्वतःचे नाव मिळाले. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली 'बाएफ' ही संस्था देशी जातींच्या वळूंच्या गोठित रेतमात्राही तयार करते. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला मान्यता दिली. त्यात स्थानिक पिकांच्या वाणांसोबत पशुधनाच्या जातींचाही समावेश आहे.

मात्र गोठवलेल्या ठेवीच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. रेतमात्रेत वंशाचा अर्धाच वाटा असतो. एखाद्या जातीच्या सर्व माद्या संपल्या आणि केवळ रेत उरले, तर दुसऱ्या जातीच्या गाईपासून सुरुवात करावी लागते. पहिल्या पिढीत मूळ जातीचा अंश ५० टक्के, दुसऱ्या पिढीत ७५, मग साडेसत्त्याऐंशी, चौथीत सुमारे ९४ आणि पाचव्या पिढीत सुमारे ९७ टक्के. देशी गाईची एक पिढी साधारण चार वर्षांची धरली, तर या पाच पिढ्यांना वीस वर्षे लागतात. शिवाय पेशीतील ऊर्जाकेंद्रांचा, म्हणजे तंतुकणिकांचा वारसा केवळ आईकडून येतो. तो या मार्गाने परत मिळतच नाही. गोठवलेला भ्रूण हा पूर्ण वारसा असतो. परंतु तो मिळवणे खर्चाचे आणि कौशल्याचे काम आहे.

आणखी एक मर्यादा आहे. गोठलेली पेशी काळाबरोबर चालत नाही. बाहेर ऊन वाढते, रोगजंतू बदलतात, गोचिडांवरची औषधे निरुपयोगी ठरतात. जिवंत कळप या सर्वांशी झुंजत बदलत राहतो, नळीतील पेशी मात्र जिथल्या तिथे राहते. म्हणून जनुकपेढी ही कळपाची जागा घेऊ शकत नाही. ती केवळ आपत्काळची राखीव ठेव आहे. बँकेत ठेव आहे म्हणून कोणी घरातील चूल विझवत नाही.

वेचूरची गोष्ट

हाताबाहेर गेलेली जात परत आणता येते का? केरळातील वेचूर गाईचे उदाहरण आशादायक आहे. कोट्टायम जिल्ह्यातील वेचूर गावावरून नाव मिळालेली ही जगातील सर्वांत लहान चणीच्या गाईंपैकी एक. उंची जेमतेम तीन फूट, चारा थोडा आणि दूध घरापुरते. १९६१ च्या केरळ पशुधन सुधारणा कायद्याने परवाना नसलेल्या स्थानिक वळूंच्या खच्चीकरणाचे धोरण आणले आणि विदेशी जातींशी संकर सुरू झाला. दोन-अडीच दशकांत शुद्ध वेचूर दिसेनाशी झाली.

१९८९ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातील प्राध्यापिका डॉ. सोसम्मा आयपे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोध सुरू केला. गावोगाव फिरून, घरोघरी विचारून त्यांनी मोजकी जनावरे मिळवली आणि त्रिशूरजवळच्या मण्णुत्ती येथे त्यांचा कळप उभा केला. पैदाशीचे काटेकोर नियोजन करून ही जात त्यांनी विनाशाच्या काठावरून मागे आणली. पुढे वेचूर गाई पुन्हा सामान्य कुटुंबांच्या गोठ्यात गेल्या. २०२२ मध्ये डॉ. आयपे यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

या कथेत आपल्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा धडा असा की, ती जनावरे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडली नाहीत. ती सापडली कुणाच्या तरी घरामागच्या गोठ्यात. 'आमची गाय अशी दिसायची', हे ओळखून सांगणारे कोणी तरी तेव्हा हयात होते. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता, तर विचारायलाही कोणी उरले नसते.

देशी दुधाचे दावे : डॉक्टर म्हणून स्पष्ट मत

आता दवाखान्यातील त्या प्रश्नाकडे वळू. दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचे 'ए-१' आणि 'ए-२' असे दोन प्रमुख प्रकार आहेत. दोहोंत फरक आहे तो साखळीतील ६७ व्या जागेवरील एका अमिनो आम्लाचा. आपल्या देशी गाईंच्या दुधात बहुतांशी ए-२ असते. म्हशीच्या दुधातही ए-२च असते, हे मात्र जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला. ए-१ दुधामुळे मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार होतात, असा कार्यकारणसंबंध त्यांना आढळला नाही. काही छोट्या अभ्यासांत ए-२ दुधाने पोटातील अस्वस्थता कमी झाल्याचे दिसले आहे, पुरावा तेवढ्यापुरताच आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने वेष्टनांवरील असे दावे काढण्यास सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. त्यामुळे ग्राहकांचा गोंधळ कायम आहे.

माझा सल्ला सरळ आहे. देशी गाईचे दूध आवडत असेल आणि परवडत असेल, तर अवश्य घ्यावे. त्यातून पशुपालकाला आधार मिळत असेल, तर ते पुण्यकर्मच. परंतु ते औषध समजून दुप्पट-तिप्पट दराने घेऊ नये आणि त्याच्या भरवशावर मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी तर कदापि बंद करू नये. ज्यांना दुग्धशर्करा पचत नाही, त्यांना देशी दुधानेही त्रास होईल. कारण ती साखर सर्व दुधांत असते. अशांनी दही-ताक घेऊन पाहावे.

उतारवयात स्नायू झपाट्याने क्षीण होतात. निरोगी ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. २०० मिलिलिटर दुधातून सहा-सात ग्रॅम प्रथिने आणि बऱ्यापैकी कॅल्शियम मिळते, मग गाय कोणत्याही जातीची असो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आणि दूध घरच्या गाईचे असले तरी उकळूनच प्यावे. 'धारोष्ण' दुधाचे कौतुक वृद्ध, गर्भवती आणि लहान मुले यांच्या बाबतीत महागात पडू शकते.

जातीची जपणूक दुधाच्या जाहिरातीवर उभी करू नये, याचे कारणही हेच आहे. उद्या तो दावा फोल ठरला, तर गिऱ्हाईक जाईल आणि त्याच्यामागोमाग गायही जाईल. डांगी गाय जगावी ती तिच्या दुधाने मधुमेह बरा होतो म्हणून नव्हे, तर तिच्यासारखे जनावर पुन्हा घडवता येणार नाही म्हणून.

गोठा सांभाळणाऱ्या ज्येष्ठांची काळजी

'आता जनावरे विका', असा सल्ला आम्ही डॉक्टर आणि घरातील मुले फार सहज देतो. वृद्ध पशुपालकासाठी ती जनावरे म्हणजे पहाटे उठण्याचे कारण असते. दावण रिकामी झाल्यावर चालणे-फिरणे थांबलेले, जेवण कमी झालेले, गप्प गप्प राहू लागलेले वृद्ध मी पाहिले आहेत. म्हणून जेथे शक्य आहे, तेथे काम सोडवण्याऐवजी ते सुरक्षित आणि हलके करून द्यावे.

• पडणे टाळा. गोठ्यातील शेण-मूत्राने निसरडी झालेली जमीन खडबडीत करून घ्यावी, पुरेसा उजेड असावा, भिंतीला आधाराचा दांडा बसवावा. दावे हाताला किंवा मनगटाला गुंडाळून वळू अथवा बैल कधीही धरू नये.

• अनवाणी जाऊ नका. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांना खुराखाली पाय आला तरी चटकन कळत नाही. बंद बूट घालावेत, रोज रात्री तळपाय पाहावेत. धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

• रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि शिंगाचा किंवा भिंतीचा मार डोक्याला लागला, तर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

• गाय विताना किंवा गर्भ पडल्यावर वासरू, वार अथवा स्राव उघड्या हातांनी हाताळू नये. हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. वार खोल पुरावी, कुत्र्यांपुढे टाकू नये. ब्रुसेलोसिस हा रोग या मार्गाने, तसेच कच्च्या दुधातून माणसाला होतो.

• दोन आठवड्यांहून अधिक काळ येत-जात राहणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर व सांधे दुखणे, अंडकोशाला सूज अशी लक्षणे असतील, तर 'आमच्या घरी जनावरे आहेत, अलीकडे एक गाय गाभडली' हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ब्रुसेलोसिसचे निदान या एका वाक्यामुळे लवकर होते. उपचार किमान सहा आठवडे चालतो, तो अर्धवट सोडू नये.

• कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदा दिली जाते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून अवश्य करून घ्यावी. लस टोचण्याचे काम मात्र घरी करू नये. चुकून सुई स्वतःला लागली, तर माणसालाही बाधा होऊ शकते.

दावण मोडण्याची वेळ आली तर

कधी कधी खरोखरच दुसरा मार्ग उरत नाही. तेव्हा शुश्रूषेच्या धावपळीत घाईघाईने जनावरे बाजारात नेली जातात आणि जातिवंत वळू कोठे गेला, याचा माग राहत नाही. अशा वेळी आठ-पंधरा दिवस थांबावे. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक नोंदवून ठेवावा. त्याच जातीची पैदास करणाऱ्या दुसऱ्या पशुपालकाला आधी विचारावे. अकोले तालुक्यातील राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी असे जाणकार भेटतात. आणि चांगला वळू असेल, तर त्याचे खच्चीकरण किंवा विक्री करण्यापूर्वी त्याचे रेत साठवणे शक्य आहे का, एवढे तरी विचारावे. गोठ्यातील त्या एका नराचे मोल आपण वरच्या गणितात पाहिलेच आहे.

याहून सोपे आणि कोणत्याही कुटुंबाला आजच करता येईल असे काम म्हणजे नोंद. घरातील आजोबा-आजी, ज्यांनी आयुष्यभर जनावरे राखली, त्यांच्याजवळ वही किंवा भ्रमणध्वनीचे ध्वनिमुद्रण घेऊन बसावे. पुढील प्रश्न उपयोगी पडतील :

१. तुमच्या लहानपणी गोठ्यात कोणत्या रंगाची, कोणत्या शिंगांची जनावरे होती? रंगाला आणि खुणांना काय नावे होती?
२. वळू कोणाकडून आणत होता? किती वर्षांनी बदलत होता?
३. खोंड पैदाशीसाठी निवडताना आधी काय पाहत होता?
४. गाय कितव्या वर्षी पहिल्यांदा वीत असे? किती वेत देत असे?
५. दुष्काळात, अतिवृष्टीत कोणती जनावरे तग धरत?
६. चरायला कोठे नेत होता? कोणता पाला आजारात देत होता?
७. गावात अजून कोणाकडे तसे जनावर आहे?

हे प्रश्न पोकळ कुतूहलाचे नाहीत. एखाद्या जातीची शास्त्रीय नोंदणी होते, तेव्हा तिचा प्रदेश, तिची शारीरिक लक्षणे आणि तिच्या पैदाशीची परंपरा नोंदवावी लागते, आणि त्याचा मोठा भाग जाणत्या पशुपालकांच्या तोंडूनच मिळतो. देवणीतील पांढऱ्याशुभ्र बालंक्या, काळसर तोंडाच्या वानेऱ्या आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या शेवेऱ्या जनावरांतला भेद पुस्तकात येण्याआधी पशुपालकांच्या बोलण्यात होता. आजोबांच्या उत्तरांत एखाद्या वळूचा, एखाद्या विस्मृत कळपाचा पत्ता दडलेला असू शकतो.

या संवादाचा लाभ ज्येष्ठांनाही होतो. स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभिक अवस्थेत कालचे जेवण आठवत नाही, परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या बैलजोडीची नावे आठवतात. जुन्या आठवणींवर बोलते करण्याचा हा मार्ग शुश्रूषेत जगभर वापरला जातो. त्याने आजार बरा होत नाही, हे खरे. परंतु मनःस्थिती आणि संवाद यांत थोडी सुधारणा अनेकांत दिसते. जनावरांचे छायाचित्र, गळ्यातील घुंगुरमाळ किंवा घंटा हाती दिली, तर शब्द अधिक सहज येतात. घाई करू नये, चूक काढू नये, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. लिहून झालेली वही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांना दाखवावी आणि तिची एक प्रत घरात जपून ठेवावी.

वंशाची पेशी उणे १९६ अंशांवर ठेवता येते. कोणता वळू का निवडला, कोणत्या पावसात कोणती गाय तगली, हे ज्ञान मात्र कोणत्याही नळीत भरता येत नाही. ते सध्या आपल्या घरातील एखाद्या खाटेवर, काठी जवळ ठेवून बसलेले आहे. या रविवारी त्यांच्याजवळ बसावे आणि पहिला प्रश्न विचारावा.